वाचक विचारतात : कॉपी झाले म्हणे, मग डिस्क कोरी कशी?

मागच्या अंकात सहज दोन ओळी लिहिल्या होत्या की फोटो डिस्कवर टाकताना काही अडलं तर कळवा, आणि मला वाटलं आता कोण सीडी-डीव्हीडीच्या भानगडीत पडतंय, पण पत्रं आणि मेल बघून चाटच पडलो. गूगल फोटोजचं अमर्याद फुकट प्रकरण १ जून २०२१ ला बंद झालं, १५ जीबी भरली की पैसे मागतात, त्यामुळे बरेच जण परत घरच्या कॉम्प्युटरकडे वळलेत असं दिसतंय. शिवाय गावाकडे टीव्हीखाली जुना डीव्हीडी प्लेअर अजून आहेच. असो, प्रश्नांकडे वळू.

प्रश्न : नातवाच्या मुंजीचे फोटो डीव्हीडीवर टाकले. फोल्डर उचलून डीव्हीडीच्या खिडकीत सोडलं, कॉपी होताना हिरवी पट्टी पण दिसली, सगळे फोटो तिथे दिसत होते. म्हणून कॉम्प्युटरवरचे डिलीट केले आणि डीव्हीडी प्रिंट काढायला स्टुडिओत दिली, तर तो म्हणतो काकू ही कोरी आहे. आता काय करू? झोप उडालीये. (एक आजी, सांगली)

उत्तर : आजी, आधी पाणी प्या, बहुतेक फोटो गेलेले नाहीत. विंडोज दोन पद्धतीने डिस्क लिहितं. कोरी डिस्क घातली की एक खिडकी येते, त्यात 'लाइक अ यूएसबी फ्लॅश ड्राइव्ह' आणि 'विथ अ सीडी/डीव्हीडी प्लेअर' असे दोन पर्याय असतात. तुम्ही दुसरा निवडलेला दिसतोय. या पद्धतीत फोटो डिस्कवर सोडले तरी ते डिस्कवर जातच नाहीत, कॉम्प्युटरवरच एका लपलेल्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये जमा होतात. म्हणजे बॅग एसटी स्टँडवर आणून ठेवली, गाडी अजून फलाटाला लागायचीये. हिरवी पट्टी होती ती बॅग स्टँडवर आणण्याची. नीट बघितलं असतंत तर फोटोंची चित्रं जरा फिकट दिसली असती आणि प्रत्येकावर खाली जाणारा छोटा बाण असतो, वर 'फाइल्स रेडी टू बी रिटन टू द डिस्क' असं लिहिलेलं असतं, पण ते कोण वाचतंय.

आता करायचं काय, तर तीच डीव्हीडी परत त्याच कॉम्प्युटरमध्ये घाला. उघडली की ते फिकट फोटो परत दिसायला पाहिजेत. दिसले तर बर्न करायच्या, म्हणजे डिस्कवर खरं लिहायच्या, आधी ते सगळे निवडून कॉपी करा आणि डेस्कटॉपवर नवीन फोल्डरमध्ये पेस्ट करा, मग दुसरं काहीही. त्यानंतर ड्राइव्हवर राइट क्लिक करून 'बर्न टू डिस्क' दाबा, पुढे पुढे जा, तेव्हा कुठे रायटरचा दिवा लुकलुकायला लागेल आणि खरं लिहिणं सुरू होईल. त्याच मेनूत 'डिलीट टेम्पररी फाइल्स' असतं, त्याला चुकूनही हात लावू नका. फिकट फोटो दिसलेच नाहीत तर एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत टाइप करायचा पत्ता नातवाकडून टाकून घ्या, लोकलॲपडेटाच्या (%localappdata%) आत मायक्रोसॉफ्ट, त्यात विंडोज, त्यात बर्न. तिथे आत अजून एक-दोन बर्न नावाची फोल्डरं असतात. आणि रिसायकल बिन बघितलंत का? अर्ध्या वेळा सगळं तिथेच पडलेलं असतं.

बाकी डिलीट करायची एवढी घाई कशाला, डिस्क बाहेर काढायची, परत आत घालायची, दुसऱ्या कुणाच्या कॉम्प्युटरवर पाच-दहा फोटो मोठे करून बघायचे, मधले आणि शेवटचे पण. कॉम्प्युटर 'यशस्वी' म्हणाला म्हणून डिस्क चांगली असं काही नसतं.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर डिस्क मस्त चालते, पण आईकडच्या डीव्हीडी प्लेअरवर 'नो डिस्क' येतं. मेंगलोरला बहिणीच्या जुन्या कॉम्प्युटरवर पण नाही चालली. (डोंबिवली)

उत्तर : तुम्ही वरच्या आजींच्या उलटं केलंय, 'लाइक अ यूएसबी' निवडलंय. त्यात फोटो लगेच डिस्कवर जातात, पेन ड्राइव्हसारखं वाटतं, पण ही यूडीएफ नावाची लिहिण्याची पद्धत बऱ्याच प्लेअरना आणि जुन्या कॉम्प्युटरना समजत नाही. आणि ही डिस्क बंद करावी लागते. इजेक्ट दाबलं की विंडोज सेशन, म्हणजे एका बैठकीत लिहिलेला भाग, बंद करत बसतं, थोडा वेळ लागतो, साधारण २० एमबी जागा पण खातं, आणि आपण घाईत ट्रेचं बटण दाबत राहतो किंवा यूएसबीची वायर ओढतो. तीच डिस्क परत तुमच्या लॅपटॉपमध्ये घालून राइट क्लिकमध्ये 'क्लोज सेशन' दिसतंय का बघा, बहिणीचं काम कदाचित तेवढ्यावर होऊन जाईल. प्लेअरसाठी मात्र नवीन डिस्क घ्या आणि 'विथ अ सीडी/डीव्हीडी प्लेअर'च निवडा. त्याच डिस्कवर नंतर अजून फोटो टाकायच्या नादी लागू नका, कारण बरेच प्लेअर पहिलंच सेशन वाचतात आणि मग फोन येतो की बारशाचे दिसतात पण वाढदिवसाचे नाहीत.

प्रश्न : यूएसबीचा बाहेरचा डीव्हीडी रायटर घेतला. प्रत्येक वेळी नव्वद टक्क्यांच्या पुढे गेलं की एरर. डिस्क फुकट. पन्नासच्या डब्यातल्या किती गेल्या विचारू नका. (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : नव्वदनंतर अडतंय हीच मोठी खूण आहे. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते, मधल्या भोकाकडून कडेकडे. डेस्कटॉपमधले बहुतेक रायटर कडेला जाताना वेग वाढवतात, आणि स्वस्त डिस्कचा रंगद्रव्याचा थर नेमका कडेलाच धड नसतो. त्यात आपण डिस्क धरतो ती पण कडेनेच, बोटांचे ठसे तिथेच. म्हणजे सगळ्यात वाईट जागी सगळ्यात जास्त वेग. तर आधी वेग कमी करा. १६एक्सची, म्हणजे मूळ वेगाच्या सोळापटीने लिहिता येणारी, डिस्क असली तरी ८ किंवा ४ वर लिहा. ४ एक्सला पूर्ण डीव्हीडीला साधारण पंधरा मिनिटं लागतात, चहा होतो तेवढ्यात. अगदी १ किंवा २ वर उतरायची गरज नाही, वेगवान लिहिण्यासाठी बनवलेल्या डिस्कना फार हळू लिहिलेलं पण कधीकधी मानवत नाही.

दुसरी गोष्ट वीज. वाचताना लेझरला कमी लागते, लिहिताना जास्त. यूएसबी २.० चं पोर्ट नियमाने ५०० मिलिअँपिअर देतं, ३.० चं ९००, आणि लिहिताना या रायटरचा करंट ५०० च्या वर जाऊ शकतो. तुम्ही हबमध्ये किंवा कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टमध्ये लावला असेल तर मागच्या पोर्टला थेट लावा, निळं पोर्ट असेल (ते बहुतेक ३.० चं असतं) तर ते वापरा. दोन तोंडांची वायर सोबत आली असेल तर दोन्ही तोंडं लावा, ती शोभेला दिलेली नसते. आणि फोटो फोनवरून किंवा पेन ड्राइव्हवरून थेट बर्न करू नका, आधी हार्ड डिस्कवर घ्या, सी ड्राइव्हला डिस्कएवढी तरी जागा मोकळी ठेवा, लॅपटॉप झोपायला जाणार नाही असं सेटिंग करा. डेस्कटॉप असेल आणि दुपारी लाईट जायची सवय असेल तर यूपीएस नसताना बर्न करायला बसूच नका, आर वाली, म्हणजे एकदाच लिहिता येणारी, डिस्क अर्ध्यात राहिली की ती चहाच्या कपाखाली ठेवायच्याच कामाची.

हे सगळं करून पण अडलं तर डबा बदला, रायटर नाही. पूर्वी मोझर बेअरच्या डिस्क कुठल्याही दुकानात मिळायच्या, ती कंपनी २०१८ मध्ये अवसायनात निघाली, आता बाजारात काय काय येतं त्याचा भरवसा नाही, म्हणून मी आधी पाच-दहाच घेऊन बघतो.

प्रश्न : डीव्हीडीवर ४.७ जीबी लिहिलंय, माझे फोटो ४.५ जीबी, तरी जागा नाही म्हणतं. फसवणूक आहे का?

उत्तर : फसवणूक नाही, मोजणीचा घोळ. कंपनी ४७० कोटी बाइट म्हणजे ४.७ जीबी धरते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, त्याला तीच जागा ४.३७ दिसते. ४.३ च्या आत ठेवा. मुंज आणि जेवणावळ वेगळ्या डिस्कवर टाका की.

प्रश्न : भाचा न्यू जर्सीहून आला होता, त्याच्या आयफोनमधले फोटो डिस्कवर टाकले. कॉम्प्युटरवर दिसतात पण प्लेअरवर एक पण नाही. आणि मी फोल्डरला 'गणपती २०२३' असं मराठीत नाव दिलं होतं तर तिथे नुसते चौकोन. क्रम पण उलटासुलटा. (नाशिक)

उत्तर : तीन वेगळी दुखणी आहेत. पहिलं, २०१७ पासून आयफोन एचईआयसी नावाच्या प्रकारात फोटो ठेवतो, प्लेअरला फक्त जेपीजी कळतं. भाच्याला सांगा, सेटिंग्जमध्ये (नव्या आयफोनमध्ये आधी 'ॲप्स'मध्ये जाऊन) फोटोजच्या आत खाली 'ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी' आहे, तिथे 'ऑटोमॅटिक' ठेव, म्हणजे वायरने कॉम्प्युटरवर घेताना जेपीजी होऊन येतात. दुसरं, प्लेअरला देवनागरी येत नाही, त्याच्यावर रागवून उपयोग नाही, इंग्रजीत छोटं नाव द्या. तिसरं, प्लेअर तारीख बघत नाही, बहुतेक नावाप्रमाणे लावतो, आणि त्याच्या हिशोबात १ नंतर १० येतो, २ नाही. म्हणून ००१, ००२ अशी नावं द्या. इरफानव्ह्यू नावाचा प्रोग्रॅम घरगुती वापराला फुकट आहे, त्यात सगळ्या फोटोंची नावं एका दमात बदलता येतात आणि आकार पण लहान करता येतो, टीव्हीसाठी १९२० रुंदी भरपूर झाली. तिथेच 'प्रोग्रेसिव्ह' जेपीजीची टिक असेल तर काढा. जेपीजी असून पण काही फोटो काळे दिसतात, त्याचं कारण बऱ्याचदा ही टिक असते.

प्रश्न : २००६ सालच्या लग्नाच्या सीडी आता वाचतच नाहीत. टूथपेस्ट लावू का? (एक जोडपं, रत्नागिरी)

उत्तर : टूथपेस्ट थांबवा. आधी मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. मग दुसऱ्या दोन-तीन ड्राइव्हमध्ये घालून बघा, कारण एका ड्राइव्हने नाकारलेली सीडी दुसरा मुकाट्याने वाचतो, हे मी कितीतरी वेळा बघितलंय. बल्बसमोर धरा, छोट्या भोकांमधून उजेड आरपार दिसला तर चकचकीत थर उडालाय, तेवढा भाग गेला. सीडीत तो थर नावाच्या बाजूला, नुसत्या वार्निशच्या खाली असतो, त्यामुळे वरचा ओरखडा खालच्यापेक्षा वाईट. खालच्या पारदर्शक बाजूचे उथळ ओरखडे घासून जातात, टूथपेस्ट तिथे आणि तेही अगदी शेवटी. त्याआधी आयसोबस्टर नावाचा प्रोग्रॅम चालवून बघा, अर्धवट वाचणाऱ्या आणि बंद न केलेल्या डिस्कमधून तो बरंच काढतो. काही फोटो खालून करडे येतील, तेही ठेवा.

तुमच्याकडची दमट हवा डिस्कना वाईट हे खरंय. मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशातल्या एका सीडीवर तर चक्क बुरशीने थर खाल्लेला शास्त्रज्ञांना सापडला होता २००१ च्या सुमारास. वाचल्या तेवढ्या सीडी आजच हार्ड डिस्कवर घ्या, आणि एक पेन ड्राइव्ह भावाकडे ठेवा.

प्रश्न : डिस्कवर बॉलपेनने नाव लिहिलं तर चालतं का?

उत्तर : सीडीवर अजिबात नाही, टोक थेट त्या पातळ वार्निशवर दाबतं. डीव्हीडीत थर दोन प्लॅस्टिकच्या मध्ये असतो म्हणून ती सहन करते, तरी सीडी मार्करच घ्या. स्टिकर नको, फिरताना डिस्क थरथरते आणि एखाद्या दिवशी स्टिकर आतच सुटतो. आणि लिहिताना साल, गाव, कुणाचं काय ते लिहा हो, घरोघरी 'फोटो', 'फोटो नवीन' आणि 'फोटो नवीन २' अशा डिस्क पडल्यात, एक काका तर 'महत्त्वाची' लिहिलेल्या चौदा डिस्क घेऊन आले होते.