दोन लहान मुलांना घेऊन पहिल्यांदाच मुंबईहून पवना धरणाकाठी तंबूत राहायला जातोय. सोबत काय न्यावं?

तंबू तिथे मिळेल, अंथरुणाचं तुम्ही बघा. मुंबईच्या सवयीने आपण एखादाच स्वेटर घेतो, पण डिसेंबर-जानेवारीत पवनेकाठी पहाटे चांगलंच गारठतं आणि गारवा जमिनीतून चढतो. म्हणून पांघरुणाआधी जाड फोमची चटई, मग कानटोपी, पायमोजे. दोघांना डोक्याला बांधायची एकेक बॅटरी द्या. रात्री शू लागली तर भीती वाटत नाही. ओआरएस, तापाचं नेहमीचं औषध, ओडोमॉस, दशम्या-चटणी. धरणाच्या पाण्यात मुलांना उतरवूच नका, बोटीत बसवलंत तर मापाचं लाइफ जॅकेट हवंच. आणि कितीही थंडी वाजली तरी पेटती शेगडी तंबूत नेऊ नका! कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जाऊ शकतो.