चोडणचा खंड्या एवढासाच का येतो?

प्रश्न: मी फोंड्याला राहतो. निकॉन डी ७५०० कॅमेरा आहे, लेन्स ७०-३०० मिमी. रविवारी चोडणच्या पक्षी अभयारण्यात नाहीतर करमळीच्या तळ्यावर जातो, कधीमधी मोलेच्या जंगलात. पक्षी फोटोत अगदी एवढासा येतो. टेलिकन्व्हर्टर (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारी, पल्ला वाढवणारी जोडभिंग) लावू, की २००-५०० किंवा १५०-६०० घेऊ? बजेट बेताचं, सेकंडहँड चालेल.

उत्तर: कन्व्हर्टरचं आधी डोक्यातून काढा. १.४ पटीचा लावला तरी एक स्टॉप, म्हणजे निम्मा प्रकाश जातो, म्हणजे तुमची लेन्स ३०० ला एफ ८-९ वर गेली (एफचा आकडा मोठा, तितका प्रकाश कमी) आणि तिथे डीएसएलआरचा ऑटोफोकस नुसता मागेपुढे चाचपडतो, तोवर खंड्या मासा घेऊन पसार.

मी असते तर निकॉनची २००-५०० घेतली असती. ३०० वरून ५०० ला गेलात की फोटोत पक्षी जवळजवळ पावणेतीन पट जागा व्यापतो, आणि ही लेन्स सगळीकडे एफ ५.६ देते. १५०-६०० वाल्या ६०० ला एफ ६.३ होतात, त्यात तिथे जरा मऊ दिसतं म्हणून लोक एफ ८ करतात, मग मोलेच्या झाडीत आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, कुठल्या कुठे वाढवावी लागते. तिथे कर्णा (मलबार ट्रोगन पक्षी) सावलीत बसलेला असतो, पण बसतो निवांत, त्यामुळे व्हीआर (लेन्समधली हात हलल्याची थरथर कमी करणारी सोय) चालू ठेवून १/१२५ सेकंदाच्या शटरला सुद्धा जमून जातं. चोडणला नेमकं उलटं. होडी हलते, पक्षी उडतो, आणि व्हीआर फक्त तुमचा हात सावरतो, पक्ष्याचे पंख नाही, तेव्हा शटर १/१६०० सेकंदापेक्षा संथ ठेवू नका. ट्रायपॉड घरीच राहू दे. भरतीची वेळ बघून रायबंदरहून सकाळची फेरीबोट पकडा, कारण ऊन चढलं की पाण्यावर हवा थरथरते आणि मग लाखाची लेन्स असली तरी फोटो धूसरच.

वजन मात्र २.३ किलो आहे हो! गळ्यात अडकवू नका, लेन्सभोवतीच्या कॉलरच्या पायाला धरून उचला. झूमची रिंगही लांब फिरवावी लागते, सवय होते.

सेकंडहँड घेताना मागून मोबाईलचा टॉर्च मारून आतून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, किंमत कितीही कमी सांगितली तरी निघून या. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे फार होतं. मी एक लेन्स जून ते सप्टेंबर कपाटात बॅगेतच ठेवली होती, गणपतीनंतर काढली तर आत नक्षी! आता हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत छोटा हायग्रोमीटर (हवेतला दमटपणा मोजणारा), काटा ४०-५० टक्क्यांच्या मध्ये. तांदूळ घालून भागत नाही, तेही करून बघितलंय, नुसती भुकटी बसते रिंगमध्ये.