आधी एलएच, मग औषध

प्रिय मित्रा,

शुक्राणूंचा काउंट 4 मिलियन, टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोनही कमी, म्हणून कुणीतरी तुला टेस्टोस्टेरॉनचंच इंजेक्शन सुचवलंय. घेऊ नकोस. हार्मोन बाहेरून आलं की मेंदूच्या तळाची पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच, म्हणजे वृषणांना कामाला लावणारी दोन हार्मोन्स, सोडणं थांबवते. शुक्राणू बनायला वृषणात रक्ताच्या कितीतरी पट टेस्टोस्टेरॉन लागतं आणि ते तिथंच तयार व्हावं लागतं. रक्तातला आकडा छान दिसतो, काउंट शून्यावरही येऊ शकतो. इंजेक्शन बंद केल्यावर तो परत यायला सहा महिने, वर्ष, कधी दोन वर्षंही लागतात.

म्हणून आधी एलएच. सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी रक्त दे: एलएच, एफएसएच, टेस्टोस्टेरॉन, प्रोलॅक्टिन, इस्ट्राडिओल. वीर्यतपासणी दोनदा कर, प्रत्येक वेळी 2 ते 7 दिवसांच्या संयमानंतर. पहिले थेंब सांडले तर लॅबला सांग, शुक्राणू त्यातच जास्त असतात. मुलं लाजून गप्प राहतात आणि चुकीच्या रिपोर्टवर महिनोन्‌महिने गोळ्या खातात.

एलएच-एफएसएच दोन्ही तळाला असतील तर एचसीजी, म्हणजे एलएचसारखं काम करणारं इंजेक्शन, 1500 ते 2000 युनिट, आठवड्यातून दोनतीनदा. तीन ते सहा महिन्यांत शुक्राणू दिसले नाहीत तर जोडीला एफएसएच. प्रोलॅक्टिन वाढलेलं असेल तर आधी ते उतरवणारी कॅबरगोलिन गोळी. एलएच वाढलेलं नाही आणि टेस्टोस्टेरॉन कमी, तर पिट्युटरीला चालना देणारी क्लोमिफीन गोळी, 25 मिलीग्रॅम रोज. नजर धूसर झाली तर त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांना कळव. एफएसएच चढलेलं आणि वृषणं लहान असतील, तर गोळ्यांनी फारसं काही होत नाही. तिथं वेळ घालवणं मला सहन होत नाही.

मी पहिल्या भेटीत औषध लिहीत नाही, म्हणून लोक मला हट्टी म्हणतात. म्हणोत. पूर्वी लिहायचो, त्याची खंत आहे. चिठ्ठी पाहून पेशंट खूश होतो, पण वाया गेलेले महिने त्याच्या बायकोच्या वयात जमा होतात. झिंक-फॉलिक ॲसिडच्या पाकिटांचंही तेच. 2020 साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत त्यांनी बाळांच्या जन्माचं प्रमाण वाढलं नाही.

शुक्राणू तयार व्हायला साधारण 74 दिवस लागतात, बाहेर यायला आणखी काही. पंधरा दिवसांत पुन्हा रिपोर्ट काढून डॉक्टर बदलू नकोस, तीन महिने थांब. घाबरला आहेस हे कळतंय रे. पण एलएच पाहिल्याशिवाय सुई नाही.

येताना दोन्ही रिपोर्ट आण, आणि जिममधल्या पावडरींचे डबेही.