न्यू जर्सीत रायफलचा दस्ता कायमचा पिन करून मिळतो, मग लांबी किती ठेवावी?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: तुमची उंची ५ फूट ५, बायकोची ५ फूट १. न्यू जर्सीत रेंजवर नेमबाजीसाठी एआर-१५ धर्तीची रायफल घेताय. दस्ता म्हणजे रायफलचा खांद्याला टेकणारा मागचा भाग; मागेपुढे सरकणारा, वेगवेगळ्या लांबीच्या खाचांत अडकणारा दस्ता इथे चालत नाही, म्हणून दुकानदार तो पिन मारून पक्का करून देणार आहे आणि विचारतोय की कुठल्या खाचेत मारू. पूर्ण लांब की मधली?

आखूड ठेवा. दुकानात उभं राहून जी लांबी बरोबर वाटेल, तिच्यापेक्षा एक खाच आखूड. हे मी पदरचे पैसे घालवून शिकलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझी उंची ५ फूट ६. पहिली रायफल घेतली तेव्हा काउंटरवर हाच प्रश्न आला. जूनचा महिना, अंगात टी-शर्ट, मागे चार गिऱ्हाइकं ताटकळलेली. विक्रेत्याने दस्त्याची मागची बाजू माझ्या कोपराच्या बेचक्यात टेकवली, माझं बोट चापापर्यंत पोचतंय हे पाहिलं आणि "परफेक्ट" म्हणून मोकळा झाला. पिन बसली ती पूर्ण बाहेर ओढलेल्या दस्त्यावर. रेंजवर पहिल्या वीस-पंचवीस गोळ्या मजेत गेल्या. मग डावा हात थरथरायला लागला. दस्ता लांब असला की रायफलचं सगळं वजन अंगापासून दूर जातं, ते सावरायला माणूस कमरेतून मागे कलतो, आणि दुर्बिणीत नीट दिसावं म्हणून मान मात्र कासवासारखी पुढे काढतो. मी नेमका तसाच उभा होतो. शेजारच्या लेनवरच्या आजोबांनी फोटो काढून दाखवला तेव्हा मलाच हसू आलं. दस्ता खांद्याच्या खळग्यात बसायच्या ऐवजी घसरून दंडावर टेकत होता. .२२३च्या छोट्या गोळीची लाथ ती केवढीशी, पण घरी आल्यावर दंडावर चट्टा होता आणि मान दोन दिवस वळत नव्हती.

ती कोपराची पद्धत सगळेच सांगतात. ती तुमच्या हाताची लांबी सांगते, एवढंच. दस्ता किती लांब हवा हे ठरतं मान किती लांब आहे, छाती किती भरदार आहे, तुम्ही निशाण्याकडे तोंड करून उभे राहता की कूस करून, आणि अंगात किती कपडे आहेत यावर. बाहीचं माप घेऊन शिंप्याने अख्खा कोट शिवावा तसला हा प्रकार.

खरं तर मला हे आधीच कळायला हवं होतं. कॉलेजात एनसीसीत होतो. नेहमी .२२, पण एका कॅम्पात .३०३च्या पाच गोळ्या मिळाल्या. माझ्या वाट्याला आलेल्या रायफलच्या दस्त्यावर वरच्या बाजूला इंग्रजी एल कोरलेला होता. ते अक्षर लांबीचं होतं हे मला पुष्कळ वर्षांनी समजलं. त्या .३०३ रायफलचे, म्हणजे ली-एनफिल्डचे, लाकडी दस्ते वेगवेगळ्या लांबीचे बनत: लांब, नॉर्मल, आखूड आणि त्याहून आखूड बँटम, एकेकात अर्ध्या इंचाचा फरक. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या लष्करालाही ठाऊक होतं की सगळ्या शिपायांना एकच माप चालत नाही. आमच्या उस्तादांना त्याचं काही नव्हतं. "कंधे में गाड दो" एवढंच ते ओरडायचे. पाच गोळ्यांनंतर माझा गाल सुजला होता.

आता कायदा, कारण तुमची निवड त्यानेच बांधली आहे. न्यू जर्सीचा असॉल्ट फायरआर्मचा कायदा १९९०चा. त्यात नावानिशी यादी आहे, आणि यादीतल्या बंदुकांशी 'सब्स्टॅन्शियली आयडेंटिकल', म्हणजे जवळजवळ तशाच, कोणत्या हे ठरवायला १९९६मध्ये अॅटर्नी जनरलने कसोटी घालून दिली. सेमी-ऑटोमॅटिक रायफल (चाप दाबला की एक गोळी, पुढची आपोआप भरली जाते), मॅगझिन म्हणजे गोळ्यांची पेटी काढता येणारी, आणि पुढच्यांपैकी दोन गोष्टी असल्या की ती बाद: घडीचा किंवा सरकता दस्ता, ठळकपणे खाली आलेली पिस्तूल ग्रिप (पिस्तुलासारखी मूठ), संगिनीची जागा, फ्लॅश सप्रेसर (नळीच्या तोंडाशी निघणारी ज्वाळा कमी करणारा तुकडा) किंवा तो बसवण्यासाठीचे आटे असलेली नळी, ग्रेनेड लाँचर. तुमच्या रायफलची पिस्तूल ग्रिप हीच एक गोष्ट झाली, म्हणजे सवलत तिथेच खर्ची पडली. म्हणून दस्ता पक्का हवा आणि नळीच्या तोंडाशी आटे नकोत. मॅगझिन २०१८च्या कायद्यापासून १० गोळ्यांचं. हे मोडणं म्हणजे दंड भरून सुटण्यातलं प्रकरण नव्हे. असॉल्ट फायरआर्म बाळगणं हा सेकंड डिग्री गुन्हा, शिक्षा ५ ते १० वर्षं. या कायद्यावर कोर्टात लढाया चालू आहेत, तेव्हा पैसे भरायच्या आठवड्यात इथल्या बंदूक कायद्याच्या वकिलाला एक फोन करा. माझं उत्तर हा कायदेशीर सल्ला समजू नका.

सरकता दस्ता यादीत का, तर बंदूक आखूड होऊन लपवता येते म्हणून. ठीक आहे. पण आखूड दस्ता पक्का पिन केला तर कायद्याची हरकत नाही! किमान लांबीचा नियम वेगळा आहे: नळी १६ इंच, एकूण रायफल २६ इंच. १६ इंची नळीची एआर दस्ता पूर्ण आत ढकलूनही २६च्या बरीच वर राहते. म्हणजे तुम्हाला लांबच ठेवायला कोणी भाग पाडत नाहीये. दुकानदार लांब ठेवतो तो सवयीने.

मग पिन मारायच्या आधी माप घ्यायचं कसं? इथे मोठी गोची आहे. न पिन केलेला दस्ता त्या रायफलवर लावून घरी "जरा बघतो" म्हणायची सोयच नाही, कारण तेवढ्या वेळापुरता तुम्ही गुन्हा करत असता. माझा उपाय: डेलावेअर नदी ओलांडा. पेनसिल्व्हेनियात सरकत्या दस्त्यावर बंदी नाही आणि तिकडच्या बऱ्याच रेंजवर रायफल भाड्याने मिळते. तासाभराचं भाडं भरा, त्यांचीच रायफल, त्यांच्याच छपराखाली. सोबत शिवणाच्या डब्यातली मापाची टेप न्या. मी आईची नेली होती, साठ इंची, पिवळी. तिथल्या पोराने आधी टेपकडे मग माझ्याकडे पाहिलं.

तिथे काय करायचं ते असं. थंडीत घालता ते जाकीट बरोबर न्या. रायफल रिकामी आहे हे स्वतः तपासा, नळी निशाण्याच्या दिशेलाच. पाय नेहमीसारखे, डोळे मिटा, रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा, मग डोळे उघडा. दुर्बिणीत पूर्ण गोल चित्र दिसलं, कडेला काळी सावली आली नाही, मान ताणावी लागली नाही, तर ती खाच तुमची. दहा वेळा करा. पहिल्या दोन वेळा माणूस स्वतःलाच फसवतो. मग जाकीट चढवून पुन्हा. जाड जाकिटाने अर्धा-पाऊण इंच सहज भरतो, म्हणजे जवळजवळ एक खाच. "एक खाच आखूड" मी म्हणतो ते यासाठीच.

खाचेचा नंबर लिहून आणू नका. एका कंपनीची तिसरी खाच दुसरीच्या चौथीच्या जवळ येते. इंच मोजा: चापाच्या मधल्या भागापासून दस्त्याच्या मागच्या बाजूच्या मध्यापर्यंत. हा आकडा दुकानदाराला द्या. माझा आला पावणेतेरा, आणि मी घेतला होता चौदाच्या आसपास. सव्वा इंच कागदावर काहीच वाटत नाही. पुढच्या वेळी चपला एक नंबर मोठ्या घालून दिवसभर फिरा, मग सांगा.

बायकोही तीच रायफल चालवणार असेल तर माप तिचं घ्या, तुमचं नाही. आखूड दस्त्यावर उंच माणूस निभावून नेतो. फार तर नाक चार्जिंग हँडलजवळ (गोळी भरायला मागे ओढायच्या खिट्टीजवळ) येतं, आणि तसं टेकवून नेम धरायला पूर्वी लष्करात शिकवतही असत. लांब दस्त्यावर बुटक्या माणसाला मात्र काहीच करता येत नाही. शिवाय आखूड दस्ता नंतर वाढवता येतो: मागे रबरी पॅड चढवलं की इंचभर वाढतो. लांब पिन केलेला कमी करायचा तर पुन्हा कारागिराकडे, पुन्हा मजुरी, आणि जुनी पिन काढताना दस्ता खराब झाला तर तोही नवा. माझा झाला. तिचंही फायरआर्म्स आयडी कार्ड काढून ठेवा, घरात दोघांच्या हाताशी एकच बंदूक असेल तर ते बरं पडतं.

आपल्या कोल्हापूरकडचा स्वप्नील कुसाळे २०२४ला पॅरिसमध्ये ज्या प्रकारात ब्राँझ जिंकला, त्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये नेमबाज गुडघ्यावर, पालथं आणि उभं, तिन्ही आसनांना दस्त्याची मांडणी बदलून घेतात. पालथं झोपलं की डोकं आपोआप पुढे सरकतं, उभं राहिलं की मागे येतं. त्यांच्याकडे तेवढे स्क्रू आहेत. तुमच्याकडे एक पिन. म्हणून तुम्ही सगळ्यात जास्त ज्या आसनात नेम धरणार, त्याच आसनात माप घ्या. रेंजवर टेबलाशी बसूनच मारणार असाल तर उभ्याने घेतलेल्या मापाला अर्थ नाही.

दुर्बीण मात्र दस्ता ठरल्यानंतरच बसवा. साध्या दुर्बिणीला डोळ्यापासून साडेतीन-चार इंच अंतर लागतं, आणि ती रायफलच्या वरच्या पट्टीवर मागेपुढे सरकवता येते. बरेच लोक उलटं करतात, आधी दुर्बीण घट्ट आवळतात आणि मग तिच्यासाठी मान वाकडी करतात.

आणखी एक वाट आहे, आणि आज पहिल्यांदा घेत असतो तर मी तीच धरली असती: मुळात न सरकणारा दस्ता. जुन्या एम-१६ए१चा दस्ता नंतरच्या ए-२पेक्षा ५/८ इंचाने आखूड होता, आणि त्या मापाचे दस्ते अजूनही मिळतात. त्याला दस्त्याच्या आतली नळी, स्प्रिंग आणि बफर (धक्का झेलणारा तुकडा) वेगळे लागतात, म्हणून हे कारागिराकडूनच करून घ्या. पण पिन दिसते का, नीट बसली आहे का, कोणी तपासलं तर काय, ही धाकधूक उरत नाही.

तुम्ही व्हिसावर आहात की ग्रीन कार्डावर हे लिहिलेलं नाही. एच-१बीसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक बाळगायलाच, इतकंच काय रेंजवर भाड्याची हातात घ्यायलाही मनाई आहे. वैध शिकारीचा परवाना असणं असे मोजके अपवाद सोडून. तसं असेल तर असा अपवाद तुम्हाला लागू झाल्याशिवाय पेनसिल्व्हेनियाची फेरीही नको.

नसेल, तर तुमच्या दोघांच्या उंचीवरून माझा अंदाज साडेबारा इंचांच्या आतबाहेर. टेप घेऊन जा आणि मला चूक ठरवा. पावतीवर "पिन्ड" एवढंच न लिहिता इंचातली लांबीही लिहून घ्या. माझ्या पावतीवर ती नव्हती, त्यामुळे दुकानाशी भांडायलाही काही उरलं नव्हतं.