सीमा, शीव की वेस?

पुण्याच्या नारायण पेठेतल्या एका विज्ञानशिक्षिकेने विचारलं आहे: मेंदू आणि मज्जारज्जूच्या कडेला ज्या प्रतिकारपेशी वस्ती करून असतात, त्यांना मुलांच्या लेखात 'सीमारक्षक पेशी' म्हटलं तर चालेल का?

ताई, चालेल; पण माझी ओढ 'वेशीवरच्या पेशीं'कडे आहे. 'सीमा' म्हटलं की नकाशावरची रेघ दिसते. तिचंच घरगुती रूप 'शीव', म्हणजे दोन गावांमधली हद्द. दसऱ्याला ती ओलांडायची, म्हणून सीमोल्लंघनाचं शिलंगण झालं. वेस म्हणजे मात्र दार. आपल्या कसब्यातली कुंभारवेस आठवा. वेशीतून माणसांची ये-जा चालते, आणि तिथं बसणाऱ्याला आल्यागेल्याची खबर असते. या पेशीही अशाच जागा धरून असतात: मेंदूवरच्या आवरणांत, आत शिरणाऱ्या रक्तवाहिन्यांभोवतीच्या फटींत, आणि मेंदूभोवतीचं पाणी जिथं तयार होतं त्या रक्तवाहिन्यांच्या झुबक्यांत. तिन्हीकडे रक्ताचा शेजार आहे. मेंदूच्या गाभ्यात पहारा असतो तो मायक्रोग्लिया नावाच्या वेगळ्या प्रतिकारपेशींचा.

आता 'रक्षक'. यांतल्या बऱ्याच पेशी मॅक्रोफेज, ग्रीक मुळाप्रमाणे 'मोठं खाणाऱ्या', मराठीत महाभक्षक. रक्षक आणि भक्षक हे शब्द आपण कायम एकमेकांसमोर उभे करतो, त्यामुळे मुलांना भक्षक दुष्ट वाटेल. तरी तोच ठेवा. जंतू आणि मेलेल्या पेशींचा कचरा गिळून टाकणं हेच त्यांचं रक्षण. ते सांगायला एक वाक्य जास्त खर्चलं तरी हरकत नाही.

खरी अडचण मला 'मज्जा' या शब्दाची वाटते. 2021 साली उंदरांवरच्या संशोधनात दिसलं की आवरणांतल्या काही प्रतिकारपेशी कवटीच्या हाडातल्या मज्जेत जन्मतात आणि रक्तात न उतरता, हाडातल्या बारीक बोळांमधून थेट आवरणात पोचतात. हे मराठीत लिहायला घ्या: 'मज्जेतून निघून मज्जासंस्थेच्या वेशीवर'! मज्जा म्हणजे मुळात हाडातला गर. फारसीतून आलेल्या 'मगज'चंही तसंच, फारसीत त्याचा अर्थ मेंदूही होतो आणि हाडातला गरही. एरवी संदर्भाने निभावतं, पण या विषयात दोन्ही अर्थ एकाच वाक्यात येतात. म्हणून हाडासाठी 'अस्थिमज्जा' पूर्ण लिहा आणि मज्जासंस्थेच्या जागी शाळेच्या पुस्तकातली 'चेतासंस्था' घ्या. तुमच्या प्रश्नातला मज्जारज्जूही मग 'मेरुरज्जू' करावा लागेल.