स्मोक्ड पोर्टर धुरकट असायचीच, पण ती बिघडलेली आहे हे कसे ओळखावे?

आपला प्रश्न असा आहे की, पुण्यातील एका ब्रूपबमध्ये, म्हणजे बिअर जागेवरच तयार करून देणाऱ्या ठिकाणी, आपण प्रथमच स्मोक्ड पोर्टर ही धुराच्या वासाची काळपट बिअर घेतली, पहिल्याच घोटाला भाजलेल्या मांसाची आणि मागाहून राखेची चव लागली. तर ही बिअर अशीच असते की ती बिघडलेली होती, आणि तिची पारख करावी तरी कशी? मी गेली काही वर्षे पुण्यात चार-पाच मित्रमैत्रिणींसोबत महिन्यातून एकदा बसून बिअर चाखतो आणि प्रत्येक बिअरची नोंद वहीत करून ठेवतो. त्या अनुभवावरून सांगतो की मांसासारखी चव हा दोष नव्हे. राखेबद्दल मात्र मला शंका आहे.

या बिअरमधला धूर वरून घातलेला नसतो. मोड आणलेले जव, म्हणजे माल्ट, लाकडाच्या धुरावर वाळवले जाते आणि तो वास दाण्यातच मुरतो. लाकूड जळताना त्याला कठीणपणा देणारे लिग्निन फुटून ग्वायाकॉल आणि सिरिंगॉल ही द्रव्ये तयार होतात. धुरावर टिकवलेल्या मांसात आणि माशांत हीच द्रव्ये असल्यामुळे आपल्याला मांसाची आठवण होते. आमच्या गटातील एका शाकाहारी मैत्रिणीने पहिल्या वासालाच पेला खाली ठेवला होता, त्यात जव, हॉप्स ही कडवट फुले, यीस्ट आणि पाणी यांपलीकडे काही नाही हे सांगितल्यावर तिने पुन्हा वास घेतला आणि म्हणाली, "हा तर हुरड्याच्या आगटीचा वास आहे." माझ्या मते त्या संध्याकाळचे सर्वांत अचूक वर्णन तेच होते.

पोर्टर ही अठराव्या शतकातील लंडनची बिअर असून तेथील हमालांवरून तिला हे नाव मिळाले. त्या काळी माल्ट लाकडाच्या जाळावरही वाळवले जात असे, त्यामुळे धुराची थोडीफार छटा तिच्यात असणारच. १८१७ मध्ये डॅनियल व्हीलर याने माल्ट भाजण्याच्या फिरत्या पिंपाचे पेटंट घेतले आणि पोर्टरचा काळा रंग धुराविना मिळू लागला. जर्मनीतील बांबेर्ग येथे मात्र बीच नावाच्या झाडाच्या लाकडाच्या धुरावरचे माल्ट वापरण्याची परंपरा टिकून राहिली. आजच्या स्मोक्ड पोर्टरचा नमुना म्हणून जिचे नाव घेतले जाते ती अलास्कातील जुनो येथील अलास्कन ब्रूइंग कंपनीची पोर्टर १९८८ मध्ये प्रथम निघाली. तिचे माल्ट ऑल्डरच्या लाकडावर धुरवतात, कारण त्या भागात सामन मासा याच लाकडावर धुरवण्याची रीत आहे.

आता पारखीविषयी. बिअरच्या स्पर्धांत परीक्षक ५० गुणांची जी पत्रिका वापरतात, तिच्यात गंधाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातील स्पर्शाला ५ आणि एकूण परिणामाला १० गुण असतात. रूपाला एवढे कमी गुण का, हे पेला उजेडासमोर धरला की कळते: काठाशी माणकासारखी लाली आणि वर बदामी फेस दिसला की रूपाचे काम झाले. गंधासाठी मात्र घाई करू नये. पेला हाती येताच, घोट घेण्यापूर्वी, दोन-तीन छोटे श्वास घेऊन जे जाणवेल ते लगेच लिहून ठेवावे, कारण नाक धुराला फार लवकर सरावते. चुलीपुढे बसलेल्या बाईला स्वतःच्या लुगड्याचा धुरकट वास येत नाही, तो दारातून आत येणाऱ्याला येतो. म्हणूनच अनेक बिअर चाखायच्या असतील तर ही शेवटी घ्यावी, नाहीतर तिच्यानंतरची प्रत्येक बिअर धुरकटलेली वाटते.

चव घेताना मी मनाशी एकच प्रश्न धरतो, तो असा की या धुराखाली पोर्टर आहे का. वांग्याच्या भरीताचे उदाहरण घ्या. निखाऱ्यावर नीट भाजलेल्या वांग्याला धुराचा वास असतो, पण तोंडात गेल्यावर प्रथम वांग्याचा गोडवा लागतो आणि धूर त्याच्या मागून येतो. वांगे जून आणि कडवट असेल तर कितीही धूर दिला तरी भरीत सुधारत नाही. चांगल्या स्मोक्ड पोर्टरमध्येही कडू चॉकलेट, भाजके खोबरे, थोडी काकवी असे काही ना काही धुराच्या आधी किंवा त्याच्याबरोबर लागलेच पाहिजे, आणि घोट गिळल्यावर कडवटपणा स्वच्छ सुटला पाहिजे. नुसताच धूर लागत असेल, तर तो कितीही सुगंधी असला तरी मी चवीचे गुण कापतो.

धुरकट, करपट आणि औषधी या तीन चवींत गल्लत होते, आणि आपल्या प्रश्नाचे मूळ मला तेथेच दिसते. धुरकट चव म्हणजे चुलीवर तापवलेल्या दुधाची. ती जिभेवर मऊ असते. करपट चव काळ्या, म्हणजे फार भाजलेल्या, माल्टचे प्रमाण जास्त झाल्याने येते. तिच्यात कोळशाचा कोरडेपणा असतो, जिभेच्या कडा तुरट होतात, आणि आपण जिला राख म्हणता ती बहुधा हीच असावी. औषधी चव, म्हणजे दवाखान्याचा किंवा चिकटपट्टीचा वास, हा मात्र स्पष्ट दोष आहे. पाण्यातील क्लोरीन नीट काढले नाही तर त्याचा बिअरमधील फिनॉल गटातील द्रव्यांशी संयोग होऊन क्लोरोफिनॉल बनते, आणि ते अत्यल्प प्रमाणातही नाकाला कळते. असा वास आला तर धुराची बिअर अशीच असते, हे उत्तर मान्य करू नये.

तापमानाचाही विचार करा. एका ठिकाणी मला ही बिअर फ्रीजरमधून काढलेल्या, बर्फाने पांढऱ्या झालेल्या पेल्यात मिळाली होती. पहिल्या घोटाला धूर आणि कडवटपणा यांखेरीज काही लागले नाही. वीस मिनिटांनी, उरलेल्या अर्ध्या पेल्यात, चॉकलेट आणि मनुका उमटल्या. इतका वेळ फुकट गेल्याचे मला मनापासून वाईट वाटले, कारण करणाऱ्याची मेहनत नेमकी त्या चवींतच होती. १० ते १३ अंश सेल्सिअस हे तापमान या बिअरला मानवते.

पुन्हा त्या ब्रूपबमध्ये गेलात, तर साधा, न गोठवलेला पेला मागा आणि आधी चाखण्यापुरतीच बिअर घ्या. तिखट मिसळीसारखे काही सोबत घेऊ नका, कारण तिखटाने कडवटपणा अधिकच बोचतो. पंधरा मिनिटे थांबून दुसरा घोट घ्या. राखेची चव तेव्हाही तेवढीच कोरडी आणि तुरट राहिली, तर बिअर तयार करणाऱ्याला आपण वापरलेल्या याच शब्दांत सांगा. काळे माल्ट किती घातले आहे हे त्याला ठाऊक असते, आणि पुढच्या खेपेस ते त्याला कमी करता येते.