सहा बटणं, त्यातलं एकच वापरात

प्रश्न : आमच्या नऊ जणांच्या ऑफिसात जुनी फोनव्यवस्था काढून आयपी फोन बसवले. माझ्या फोनवर सहा लाइन बटणं आहेत आणि सहाही बटणांवर माझाच एक्स्टेन्शन नंबर दिसतो. मी पहिलंच बटण वापरते. बोलत असताना दुसरा फोन आला की कानात टूं-टूं वाजतं, मी गडबडते आणि दोनांपैकी एक कॉल कट होतो. कोणाला फोन जोडून द्यायचा असेल तर तो जागेवर मोकळा आहे का, हे आधी उठून बघून यावं लागतं. उरलेल्या पाच बटणांचं करायचं काय?

उत्तर : जुन्या फोनव्यवस्थेत एक बटण म्हणजे बाहेरून आलेली एक खरीखुरी लाइन असायची. म्हणून ‘सहा बटणं म्हणजे सहा लाइनी’ हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. आयपी फोनला मागून नेटवर्कची एकच केबल येते. कोणतं बटण काय करणार हे निव्वळ सेटिंग ठरवतं. सहाही बटणांवर तुमचाच नंबर आहे, म्हणजे ती कोणाला कशी लागतील याचा विचार कोणी केलेला नाही. मी ऑफिसांतल्या फोनव्यवस्था लावून देते. लोक महिनोन्‌महिने असा त्रास काढत असतात आणि तो अर्ध्या तासाच्या कामाने संपणारा असतो, हे बघून मला फार वाईट वाटतं.

स्वतःच्या नंबराला दोन बटणं ठेवा. एका माणसाला एका वेळी दोनापेक्षा जास्त कॉल नीट सांभाळता येत नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे. तिसरा कॉल आला तर तो दुसऱ्या सहकाऱ्याकडे वळू द्या. ती सोय एक्स्चेंजच्या, म्हणजे ऑफिसातले सगळे कॉल वळवणाऱ्या यंत्रणेच्या, सेटिंगमध्येच करता येते.

आता ती टूं-टूं. ती ऐकू आली की रिसीव्हर खाली ठेवू नका, कॉल तिथेच कट होतो. दुसऱ्या लाइनचं बटण लुकलुकत असेल. समोरच्याला ‘एक मिनिट हं’ म्हणा आणि तेच बटण दाबा. बहुतेक आयपी फोनांवर पहिला कॉल आपोआप होल्डवर जातो, वेगळं होल्ड दाबावं लागत नाही. परत यायचं तर पहिलं बटण दाबा. दोन्ही कॉल चालू असताना बोट फक्त या दोन बटणांवर राहू द्या. एखाद्या सहकाऱ्याला दोन कॉल करायला सांगून आठवडाभर रोज एकदा सराव करा, हात आपोआप जाऊ लागेल.

उरलेल्या चारांपैकी तीन बटणं माणसांना द्या. याला बीएलएफ (बिझी लॅम्प फील्ड), म्हणजे सहकाऱ्याचा फोन मोकळा आहे की नाही हे दिव्याने दाखवणारं बटण, म्हणतात. तुम्ही ज्यांना सर्वांत जास्त फोन जोडून देता, त्या तिघांचे एक्स्टेन्शन या बटणांवर लावून घ्या. बऱ्याच फोनांवर दिवा हिरवा असला की माणूस मोकळा, लाल असला की बोलतोय, आणि लुकलुकला की त्याचा फोन वाजतोय. उठून बघायला जाणं इथेच संपतं. शिवाय तो जागेवर नसताना त्याचा फोन वाजत राहिला, तर तेच लुकलुकतं बटण दाबून तुम्ही तो कॉल आपल्याकडे घेऊ शकता. त्यासाठी पिकअपचा, म्हणजे दुसऱ्याचा वाजणारा फोन उचलण्याचा, कोड सेटिंगमध्ये भरलेला हवा, तो विसरला जातो.

इथे दोन गोष्टी ऑफिसचे फोन बघणाऱ्याला आवर्जून विचारा. पहिली, बोलत असताना बीएलएफ बटण दाबलं तर काय होतं? काही फोनांवर कॉल न विचारता थेट पलीकडे जातो, काहींवर आधी सहकाऱ्याशी बोलून मग जोडता येतो. हे बदलता येतं. जोडून देताना ‘कोण बोलतंय, काय काम आहे’ हे आधी सांगावं लागतं, म्हणून तुम्ही दुसरा प्रकार मागून घ्या. दुसरी गोष्ट, डीएनडी (डू नॉट डिस्टर्ब, म्हणजे ‘आत्ता फोन नको’) कुठे लावला जातो? सहकाऱ्याने तो फक्त आपल्या फोनमध्ये लावला असेल तर एक्स्चेंजला पत्ताच नसतो आणि तुमच्याकडे दिवा हिरवाच राहतो. तुम्ही जोडून देता, फोन लागत नाही आणि ग्राहक तुमच्यावर चिडतो.

सहावं बटण कॉल पार्कला द्या. होल्डवरचा कॉल तुमच्याच फोनवर अडकून राहतो. पार्क केलेला कॉल ऑफिसातल्या कोणत्याही फोनवरून उचलता येतो. गोदामात गेलेल्या माणसासाठी फोन आला, तर पार्क करा, फोन सांगेल तो नंबर (समजा 701) त्याला सांगा. तो जवळच्या फोनवरून 701 लावून बोलेल. कोणी उचललाच नाही तर ठरावीक वेळाने कॉल तुमच्याकडे परत येतो. ॲस्टरिस्क या एक्स्चेंज सॉफ्टवेअरमध्ये ही वेळ मुळात 45 सेकंदांची असते. कमी वाटली तर वाढवून घ्या.

बटणांना नावं देताना आद्याक्षरं लिहू नका. ‘बिलं’, ‘गोदाम’, ‘साहेब’ असं लिहा. तुमच्या जागी रजेच्या दिवशी बसणाऱ्यालाही ते कळलं पाहिजे.

प्रश्न : आमच्या फोनांवर सहा-सहा बटणं आहेत, तरी चौथ्या माणसाला बाहेर फोन लागत नाही. बटणं बिघडली आहेत का?

उत्तर : बटणं ठीक आहेत. बाहेर एका वेळी किती कॉल जातील हे तुमच्या एसआयपी ट्रंकमध्ये (इंटरनेटवरून बाहेर कॉल नेणाऱ्या जोडणीत) किती चॅनेल, म्हणजे एका वेळच्या कॉलच्या वाटा, घेतलेत त्यावर ठरतं. तीन असतील तर चौथ्याला एंगेजच लागणार. चॅनेल वाढवताना इंटरनेटही तपासा. नेहमीच्या जी.711 कोडेकवर (आवाज डिजिटल करण्याच्या पद्धतीवर) एका कॉलला इथरनेटवर दोन्ही दिशांना प्रत्येकी साधारण 87 केबीपीएस लागतात.

प्रश्न : मी विक्री आणि तक्रारी, दोन्ही बघतो. दोन वेगळे नंबर एकाच फोनवर आहेत. तक्रारवाल्या ग्राहकाला मी फोन केला की त्याला विक्रीचा नंबर दिसतो आणि तो उचलत नाही.

उत्तर : तुम्ही रिसीव्हर उचलून थेट नंबर दाबत असाल. तसं केलं की फोन नेमलेली लाइन वापरतो, आणि ती बहुधा पहिली, म्हणजे तुमच्याकडे विक्रीची असते. आधी तक्रारीच्या लाइनचं बटण दाबा, डायल टोन ऐकू आला की मग नंबर फिरवा. नंबर बरोबर दिसावा यासाठी त्या लाइनचा बाहेर जाणारा कॉलर आयडी एक्स्चेंजमध्येही वेगळा नोंदलेला लागतो. दोन्ही लाइनींना निरनिराळ्या रिंग लावून घ्या, म्हणजे उचलायच्या आधीच तुम्हाला कळेल की पलीकडे खरेदी करणारा आहे की वैतागलेला. तक्रारीची रिंग मी नेहमी हळू आवाजाची ठेवायला सांगते, कर्कश रिंग ऐकून फोन उचलला की आपलाही आवाज चढलेला असतो.